सोलापूरच्या उन्हात अ‍ॅडेनियम, बियांपासून फुलापर्यंत

सोलापुरात गच्चीवर चार कुंड्या ठेवायच्या म्हटलं तरी आधी विचार पाण्याचा करावा लागतो. नळाला रोज पाणी येत नाही, बोअरचं पाणी जड, आणि एप्रिल लागला की पारा ४० च्या आसपास मुक्काम ठोकतो. त्यामुळे इथे कुणालाही विचारा, "गच्चीवर काय लावू?" उत्तर ठरलेलं असतं, "अ‍ॅडेनियम लावा, त्याला पाणी लागत नाही." मी जुळे सोलापुरात राहते. बरीच वर्षं हे फुगीर बुंध्याचं फुलझाड बियांपासून वाढवते आहे आणि हे उत्तर अर्धंच बरोबर आहे असं आता खात्रीने सांगू शकते. अ‍ॅडेनियमला पाणी लागतं, चांगलं लागतं. फक्त ते कधी द्यायचं आणि कधी हात आखडायचा हे आपल्या जास्वंद-मोगऱ्यापेक्षा वेगळं आहे. इथली जी अ‍ॅडेनियमं मेलेली मी पाहिली, त्यातली फारच थोडी उन्हाळ्यात तहानेने गेली. बाकीची ऑगस्ट-सप्टेंबरात कुजून गेली.

हे असं का होतं ते झाडाचं मूळ गाव पाहिलं की कळतं. अ‍ॅडेनियम मूळचं आफ्रिकेतल्या सहाराच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यातलं, पूर्व आफ्रिकेतलं आणि अरबस्तानातलं. पीटर फोर्सकॉल नावाचा, वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसचा शिष्य १७६१ मध्ये डेन्मार्कच्या मोहिमेबरोबर अरबस्तानाकडे निघाला आणि १७६३ मध्ये येमेनमध्येच हिवतापाने वारला. त्याच्या टिपणांवरून १७७५ मध्ये जे पुस्तक छापलं गेलं, त्यात हे झाड कण्हेरीच्या वर्गात घातलेलं होतं. पुढे ते वेगळं काढलं, पण कूळ तेच राहिलं. कण्हेर, चाफा, सदाफुली, तगर ही सगळी त्याची भावकी. फूल हातात घेऊन पाहिलं की पाच पाकळ्या आणि मधला नळीसारखा गळा कण्हेरीची आठवण करून देतोच.

त्या मुलखात हे झाड खडकाळ उतारावर उगवतं. पाऊस पडतो तेव्हा हवा गरम असते. झाड त्या पाण्यावर भराभर वाढतं, बुंध्यात पाणी साठवून घेतं आणि कोरड्या दिवसांत पानं टाकून गप्प बसतं. म्हणजे त्याची भूक-तहान उष्णतेबरोबर जागी होते. आपल्याकडे नेमकं उलटं आहे. सोलापुरात खरी उष्णता मार्च ते मे, तेव्हा आभाळातून थेंब नाही. आणि पाऊस येतो तेव्हा ढगाळ, दमट, थंडावलेले दिवस येतात. म्हणून इथे अ‍ॅडेनियम वाढवायचं तर उन्हाळ्यात आपण पाणी घालायचं आणि पावसाळ्यात आभाळाचं पाणी अडवायचं. माझी सगळी पद्धत एवढ्या एका गोष्टीवर उभी आहे.

आता माती. मी तर म्हणेन निम्मी लढाई मातीतच जिंकली जाते. आपल्या जिल्ह्याची काळी माती पाणी धरून ठेवते, ओली झाली की फुगते, वाळली की तिला भेगा पडतात. त्याच ओलीवर रब्बीची ज्वारी येते. मंगळवेढ्याची मालदांडी पेरणीनंतर फारसा पाऊस न मिळताही कणसाला येते ती या मातीच्या पोटातल्या पाण्यावर. ज्वारीचा साठा जमिनीत असतो. अ‍ॅडेनियमचा साठा त्याच्या स्वतःच्या बुंध्यात असतो, त्याला मातीत साठलेलं पाणी नको. मुळाशी ओल टिकून राहिली की ते सडायला लागतं. त्यामुळे शेतातली कसदार काळी माती आणून कुंडीत भरणं हे या झाडासाठी सगळ्यात वाईट.

मी वापरते ते मिश्रण साधं आहे. मुरूम आपल्याकडे कुठेही मिळतो. तो दोन चाळण्यांनी चाळायचा. मोठे खडे वर काढायचे, पिठासारखी भुकटी खाली टाकून द्यायची आणि मधले ज्वारी-तुरीच्या दाण्याएवढे खडे ठेवायचे. ही भुकटी काढणं फार महत्त्वाचं, कारण पाणी पडत राहिलं की तीच खाली बसून भोकं बुजवते. असा मुरूम निम्मा, विटांचे बारीक तुकडे पाव भाग, आणि उरलेल्या पाव भागात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि नीट कुजलेलं, चाळलेलं शेणखत. मूठभर निंबोळी पेंड. कुंडी भरून झाली की वरून तांब्याभर पाणी ओतायचं. ते वर थबकून राहिलं तर मिश्रण पुन्हा करायचं. चांगल्या मिश्रणात पाणी ओतता ओतता खालून वाहायला लागतं.

मुरमाची ही कल्पना मला विजापूर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेतल्या मामांनी दिली. मी परलाईटची, म्हणजे कुंडीत मिसळायच्या विकतच्या पांढऱ्या, हलक्या खनिज दाण्यांची चौकशी करत होते. ते म्हणाले, "ताई, कशाला ओ एवढे पैसे घालताय? आपल्या मुरमात काय वाईट आहे? फक्त धुऊन घ्या की." त्यांचं खरं होतं. परलाईट हलकं असतं, वाऱ्याने उडतं, आणि गच्चीवर सोलापूरचा मे महिन्यातला वारा सुटला की कुंडीच्या तोंडावरचं सगळं शेजाऱ्यांच्या अंगणात जातं. मुरूम जड असल्यामुळे कुंडी उलटतही नाही.

बी पेरायची वेळ थंडी गेल्यावर. महाशिवरात्रीला थंडी शिवशिव म्हणत जाते असं घरातली जुनी माणसं म्हणतात, मी तोच मुहूर्त धरते. या बियांना ऊब लागते. २७ ते ३२ अंशांच्या आसपास त्या सगळ्यात छान रुजतात, आणि मार्चमध्ये आपल्याकडे ती ऊब फुकट मिळते. बी म्हणजे तपकिरी, लांबट, सेंटिमीटरभर काडी, दोन्ही टोकांना रेशमी झुबके. आधी चिमटीत धरून दाबून पाहायचं. भरलेलं बी कडक लागतं, पोकळ बी दबतं. ते टाकून द्यायचं. मग कोमट पाण्यात काही तास भिजवायचं आणि उथळ ट्रेमध्ये आडवं ठेवून वर जेमतेम झाकेल इतकी जाड वाळू पसरायची. उभं खोचायचं नाही, खोल तर मुळीच नाही.

ताजं बी असेल तर आठवड्याच्या आत वर येतं. आणि येतं ते बघण्यासारखं. इतर रोपांना असतं तसं सुतासारखं देठ नसतं. पहिल्या दिवसापासून खाली फुगीर, गुलाबीसर हिरवा खुंट आणि वर दोन जाड दळ. पाणी साठवायची तयारी झाडाने जन्मतःच केलेली असते. या काळात फवारणीच्या बाटलीने पाणी द्यायचं, वरची वाळू सुकली की मगच पुन्हा. बियांचा ट्रे सतत चिंब ठेवला तर रोपं खुंटापाशी मऊ पडून एका रात्रीत आडवी होतात आणि ती परत उठत नाहीत.

चार-सहा पानं आली की एकेक रोप लहान कुंडीत. एप्रिल-मे ची दुपार या वयाला सोसत नाही, म्हणून हिरव्या जाळीखाली, पण सकाळचं कोवळं ऊन भरपूर. पावसाळा तोंडावर आला की जाळी काढून हळूहळू पूर्ण उन्हात. उन्हाबाबत मात्र तडजोड नको. खिडकीत, जिन्यात, हॉलमध्ये टीपॉयवर ठेवलेलं अ‍ॅडेनियम जगतं, पण ते लांबट होतं, बुंधा फुगत नाही आणि फूल धरत नाही. दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन ही त्याची किमान गरज आहे.

मोठ्या झाडाला उन्हाळ्यात पाणी किती द्यायचं? इथे मी कुणालाही वार ठरवून देत नाही. नळाला पाणी आलं म्हणून झाडांना पाणी, ही सवय सोलापुरात आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे आणि या झाडाच्या बाबतीत ती मोडावी लागते. मी दोन गोष्टी बघते. बोट मातीत दोन पेरं खुपसून ओल लागते का, आणि बुंधा अंगठ्याने दाबून कडक आहे का. माती कोरडी आणि बुंधा किंचित दबत असेल तर भरपूर पाणी, खालून वाहून जाईपर्यंत. पानांनी भरलेलं झाड एप्रिलमध्ये उन्हात असेल तर मातीच्या कुंडीत एक-दोन दिवसांआड हे करावं लागतं. त्यात कंजूसपणा केला तर झाड मरणार नाही, पण कळ्या पिवळ्या पडून गळतील आणि वाढ तिथेच थांबेल. फुलं हवी असतील तर उन्हाळ्यात पाणी द्यायलाच हवं. आमच्या घरी आंघोळीआधी गरम पाणी येईपर्यंत नळातून जे गार पाणी वाया जातं, ते बादलीत धरलं तरी माझ्या बऱ्याच कुंड्या भागतात. तेव्हा पाण्याची फार मोठी मागणी आहे असंही नाही.

वेळ सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका बसेल इतकं तापलेलं असतं, ते मुळांवर ओतू नये. आणि बोअरचं पाणी वापरत असाल तर कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो तिकडे लक्ष ठेवा. तो क्षार मातीत साठला की पानांची टोकं करपतात. पहिल्या दमदार पावसात मी कुंड्या एकदा मुद्दाम भिजू देते. पावसाचं गोड पाणी भरपूर वाहून गेलं की मातीतला क्षार धुऊन निघतो. त्यानंतर मात्र पाऊस अडवायचा.

आपला पाऊस तसा कमीच. जिल्ह्याची वार्षिक सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या घरात. पण तो पडतो तो बराचसा सप्टेंबरात आणि कधी कधी सलग. एखादी सर आणि मग ऊन, हे अ‍ॅडेनियमला चालतं, आवडतंही. चार दिवस आभाळ गच्च, रिपरिप आणि माती वाळायला फट नाही, हे चालत नाही. मी गच्चीच्या एका कोपऱ्यात लोखंडी सांगाडा करून त्यावर पारदर्शक पत्रा टाकून घेतला आहे. बाजू उघड्या, म्हणजे वारा खेळतो. प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी गुंडाळणारे लोक पाहिलेत मी, त्यात आत घाम धरतो आणि कुजणं आणखी लवकर होतं.

अशाच एका ओल्या सप्टेंबरात शेजारच्या अक्का कुंडी उचलून घेऊन आल्या. अक्कांचं घरातलं बोलणं तेलुगू, पण माझ्याशी अस्सल सोलापुरी मराठी. "बघ की गं, कालपासनं मान टाकलंय. पाणी तर रोज घालतेय मी." झाड सुंदर होतं, नुकतंच विकत आणलेलं, कलमी, गडद लाल दुहेरी पाकळ्यांचं. बुंधा दाबला तर एका बाजूने अंगठा आत गेला. वास आंबूस. कुंडीतून काढलं तर सगळं निव्वळ कोकोपीट, मुठीत दाबलं तर पाणी गळत होतं. विकणाऱ्याला हे सोयीचं असतं, कुंडी हलकी राहते आणि वाहतुकीत झाड सुकत नाही. पण घरी आणल्यावर ते मिश्रण बदलायला हवं हे घेणाऱ्याला सांगितलेलं नव्हतं. दोष अक्कांचा नव्हताच.

मुळं पाण्याखाली धुऊन घेतली. हातमोजे घातले, धारदार सुरी स्पिरिटने पुसली आणि कुजलेला भाग कापायला सुरुवात केली. पहिले काप तपकिरी, बोटांनी चिवडले जातील असे. प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा पुसायची, नाहीतर कुजकं आपणच चांगल्या भागात नेतो. आत आत जात गेलं तसा रंग पिवळट झाला, मग फिकट, आणि शेवटी कच्च्या रताळ्यासारखा पांढरा, कडक गर लागला. त्यातही बारीक तपकिरी ठिपका दिसला म्हणून आणखी एक काप घेतला. एक ठिपका राहिला तरी कूज परत फिरते. बुंध्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग गेला. अक्का बाजूला उभ्या राहून "अय्यो, एवढं कापतेस?" म्हणत होत्या. जखमेवर बुरशीनाशकाची भुकटी चोळली, सगळी पानं काढून टाकली आणि झाड तसंच, मातीशिवाय, माझ्या मागच्या बाल्कनीत सावलीत वाऱ्यावर टांगून ठेवलं.

लोकांचा विश्वास बसत नाही, पण हे झाड मुळं उघडी ठेवून दहा-पंधरा दिवस मजेत राहतं. बुंध्यातलं पाणी त्याला पुरतं. जखम सुकून वर चामड्यासारखी खपली धरली की कोरड्या मिश्रणात बसवायचं आणि पुढे आठवडाभर पाणी द्यायचं नाही. दिवाळीच्या आसपास अक्कांच्या झाडाच्या टोकांना हिरवे कोंब दिसले. पुढच्या उन्हाळ्यात त्याने फुलंही दिली. एका बाजूने बुंध्याला खोबण आहे, ती आता छानच दिसते.

बुंधा मऊ लागला की सगळेच घाबरतात, म्हणून फरक सांगून ठेवते. तहानेने मऊ पडलेला बुंधा सगळीकडून सारखा दबतो, सालीवर बारीक सुरकुत्या असतात, रंग बदललेला नसतो आणि पाणी दिल्यावर दोन-तीन दिवसांत परत कडक होतो. कुजलेला बुंधा एका जागी दबतो, तिथली साल काळपट होते, बोटाखाली सरकते, ओलसर लागते. पहिल्याला पाणी द्या, दुसऱ्याला सुरी. उलट केलंत तर झाड गेलं.

थंडीत आपल्याकडे फार काही करावं लागत नाही. गड्ड्याची यात्रा भरते त्या सुमाराला रात्री चांगल्या गार असतात. सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघतात, भोगी-संक्रांतीला घरोघर बाजरीच्या भाकरी होतात, आणि माझ्या गच्चीवरची अ‍ॅडेनियमं पानं पिवळी करून टाकत असतात. घरी आलेला पाहुणा हमखास म्हणतो, "हे मेलं वाटतं." मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. अशा वेळी खत पूर्ण बंद, पाणी पंधरा दिवसांतून एकदा, तेही बुंधा सैल लागला तरच. पान नाही म्हणजे पाणी ओढणारं कुणी नाही, घातलेलं पाणी मुळाशी तसंच पडून राहणार. आपली थंडी सौम्य असल्यामुळे काही झाडं पानं पूर्ण टाकतही नाहीत. त्यांना थोडं जास्त पाणी चालतं.

महाशिवरात्र झाली की मोठं काम काढते. कुंडी बदलणं आणि छाटणी, दोन्ही. झाड बाहेर काढून जुनी माती झाडून टाकायची, मुळं पाहायची. खाली सरळ जाणारं मुख्य मूळ आणि बारीक केसाळ मुळं छाटायची, आडवी पसरलेली जाड मुळं ठेवायची. छाटल्यावर सावलीत आठवडाभर सुकवायचं, ही पायरी गाळायची नाही. मग पुन्हा लावताना पूर्वीपेक्षा इंचभर वर लावायचं. असं दर एक-दोन वर्षांनी करत गेलं की मातीत लपलेला फुगीर बुंधा आणि मुळं हळूहळू वर येतात आणि झाडाला ते वयस्क, भारदस्त रूप येतं ज्याच्यासाठी लोक हजारो रुपये मोजतात. नव्याने उघडी पडलेली साल मात्र कोवळी असते. ती बाजू पश्चिमेला आली तर सोलापूरचं चारचं ऊन तिला भाजून काढतं, तपकिरी डाग पडतो आणि तिथून कूज शिरते. पहिले काही आठवडे ती बाजू पूर्वेकडे ठेवायची.

कुंडी पसरट आणि उथळ घ्यावी. मी कुंभाराकडून मातीच्या परड्या घेते आणि तळाला जादा भोकं पाडून घेते. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या आपल्या उन्हात मुळं शिजवतात, नाइलाजाने त्या असतील तर विटांवर ठेवाव्यात, तापलेल्या स्लॅबवर थेट नको.

छाटणीची भीती वाटते, पण अ‍ॅडेनियम नव्या फुटीवरच फुलतं. न छाटलेलं झाड दोन-तीन लांब दांड्या वाढवतं आणि त्यांच्या टोकाला चार फुलं. मी प्रत्येक फांदी बुंध्यापासून तीन-चार इंच ठेवून तिरकी कापते. कापलं की पांढरा चीक येतो. हा चीक विषारी आहे, हृदयावर परिणाम करतो, आफ्रिकेत शिकारी बाणाच्या टोकाला तो लावत आले आहेत. कण्हेरीलाही हाच गुण असल्यामुळे शेळ्यासुद्धा तिला तोंड लावत नाहीत. हातमोजे घालायचे, डोळ्याला हात लावायचा नाही, काम झालं की साबणाने हात धुवायचे, छाटलेल्या काड्या लहान मुलांच्या आणि जनावरांच्या वाटेत टाकायच्या नाहीत. घरात रांगतं मूल असेल तर कुंड्या उंचावर. एवढं सांभाळलं की चिंता नाही.

छाटणीनंतर प्रत्येक फांदीला दोन-तीन फुटवे येतात, आणि दीड-दोन महिन्यांत टोकांना कळ्यांचे गुच्छ. म्हणजे ऐन एप्रिल-मेमध्ये, जेव्हा गच्चीवरचं बाकी सगळं मान टाकून असतं, तेव्हा हे फुलतं. बियांपासूनच्या माझ्या पहिल्या झाडाचं पहिलं फूल अजून डोळ्यांसमोर आहे. गुलाबी, कडेला गडद, आत जाताना पांढरट, गळ्यात पिवळसर, आणि आतून पाच केसाळ शेंड्या बाहेर डोकावणाऱ्या. बियांचं झाड आईसारखंच फूल देईल असं नसतं, त्यामुळे पहिली कळी फुगायला लागली की मी रोज सकाळी आधी गच्चीवर जाते. ठरावीक रंग किंवा दुहेरी पाकळ्या हव्या असतील तर कलमी झाड घ्यावं. त्यात कलमाच्या जोडाखालून येणारे फुटवे लगेच खुडायचे, नाहीतर खालचं झाड वरचं कलम मारतं. फांदी लावूनही रोप होतं, पण बियांच्या रोपासारखा डौलदार बुंधा त्याला सहसा येत नाही. मला स्वतःला बियांचंच झाड आवडतं.

खताबद्दल थोडक्यात. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा मूठभर शेणखत किंवा गांडूळखत, कळ्या धरताना पालाश जास्त असलेलं विद्राव्य खत अगदी पातळ करून. नत्र जास्त झालं की झाड हिरवंगार दिसतं आणि फुलत नाही. केळीच्या सालांचं पाणी वगैरे मी घालत नाही. त्याने मुंग्या येतात आणि कुंडीत बुरशी धरते.

किडीत तीन मुख्य. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाल कोळी पानाखाली बसतो, पान वरून फिकट ठिपक्या-ठिपक्यांचं दिसायला लागतं. सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा दोन-चार दिवस मारला की बराच हटतो. गंधकाची फवारणी उन्हाळ्यात करू नका, या तापमानाला पानंच जळतात. पिठ्या ढेकणाला लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण, संध्याकाळी. तिसरी कीड पावसाळ्यातली, कण्हेरीवरच्या पतंगाची अळी. बोटभर लांब, हिरवी, डोक्यामागे दोन निळे डोळ्यांसारखे ठिपके. एका रात्रीत झाड बोडकं करते. पण पतंग इतका देखणा असतो की मारवत नाही. मी अळी उचलून कंपाउंडच्या कण्हेरीवर सोडते. तिथे तिचं पोट भरतं, आणि कण्हेर एवढी मोठी आहे की तिला फरक पडत नाही.

बी घरचं हवं असेल तर परागीकरण बहुतेकदा हातानेच करावं लागतं. परागकण फुलाच्या आत पुंकेसरांच्या सुळक्यात बंद असतात. फुलाची नळी एका बाजूने अलगद फाडायची, सुळक्याच्या आतले पिवळसर कण ब्रशच्या एका केसावर घ्यायचे आणि दुसऱ्या झाडाच्या फुलात, दोन पुंकेसरांच्या मधल्या फटीतून खाली सोडायचे. एकाच झाडाच्या फुलांवर सहसा बी धरत नाही, म्हणून दोन वेगळी झाडं हवीत. सकाळची वेळ बरी. जमलं तर फूल गळल्यावर देठाशी दोन शिंगं फुटायला लागतात, जोडीनेच. ती वीतभर वाढतात आणि पिकायला दोन-तीन महिने घेतात.

शेंग पोपटी असेपर्यंत काही करायचं नाही. तपकिरी छटा आली की तिच्याभोवती लोकरीचा धागा सैलसर गुंडाळून बांधायची, कारण पिकली की ती उभी चिरते आणि दोन्ही टोकांना झुबके असलेलं बी वाऱ्यावर भिरभिरत सरळ हिप्परग्याच्या दिशेने निघून जातं. बांधलेल्या शेंगेतलं बी काढून झुबके खुडायचे आणि कागदी पाकिटात घालून कोरड्या जागी ठेवायचं. जितकं ताजं, तितकं जास्त रुजतं. काही महिने उलटले की उगवण घटत जाते, म्हणून मी फार काळ साठवून ठेवत नाही. मला लागेल तेवढं ठेवते, बाकी अक्का आणि गल्लीतल्या ज्यांनी मागितलं असेल त्यांना पेरणीच्या हंगामात देऊन टाकते. सोबत पिशवीभर चाळलेला मुरूमही देते.